माहेरचा खडप

त्या गावात सकाळचा उजेड समुद्राकडून चालत येई. सूर्य उगवे तो मागच्या डोंगराआड, त्यामुळे त्याचा पहिला किरण किनाऱ्याच्या वाट्याला येतच नसे. तो आमच्या डोक्यांवरून जाऊन दूर पाण्यावर पडे, आणि आम्ही सावलीत उभे राहून त्या उजळलेल्या पाण्याकडे परक्या गावच्या जत्रेकडे पाहावं तसं पाहत असू. मग डोंगराची सावली हळूहळू आखडू लागे. आधी लांबच्या दोन होड्या पिवळ्या होत, मग लाटा फुटण्याची जागा, मग ओली वाळू, मग सुक्या वाळूवर पसरलेली निळी जाळी. माडांच्या बुंध्यांशी उजेड थोडा रेंगाळे. तिथून कुंपणाची बेडकी, म्हणजे बांबूचं फाटक, ओलांडून तो घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येई, सारवलेल्या जमिनीवर पाऊल न वाजवता पुढे सरके, तान्ह्या बाळाच्या दोरीवरच्या दुपट्यांतून आरपार जाई आणि तुळशीजवळच्या तांब्याच्या हंड्यावर क्षणभर बसून घेई. अगदी शेवटी तो ओट्याच्या पायरीवर, माझ्या पावलांपाशी येऊन थांबे. मी हे सगळं रोज पाहत असे. पाहत बसलं की बोलावं लागत नाही, हे मला लहानपणीच कळलं होतं.

त्या दिवशी उजेड हंड्यापर्यंत पोचला होता, तेव्हा शेवंतीकाकी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. कप हातात देण्याआधी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"काय मास्तर, आज तरी मोरी गावतली मां?"

"बघू या, काकी," मी म्हणालो आणि कपात पाहू लागलो.

मोरी म्हणजे मुशी. शार्कच्या कुळातला, पण हातभर लांबीचा, तळाशी पडून राहणारा एक गरीब मासा. बाळंतिणीला मोरीचं कालवण दिलं की दूध भरपूर येतं, असं त्या किनाऱ्यावर सगळे मानतात. काकींची एकुलती एक मुलगी दर्शना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आठ दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. नेमक्या त्याच दिवसांत मोरी जाळ्यात येईनाशी झाली. बाजारात आली तरी हे लोक पोचेपर्यंत संपलेली असे. म्हणजे सारं घर मोरीच्या शोधात होतं. आणि समुद्राच्या तळाशी जाऊन तीच मोरी शोधण्यासाठी मुंबईच्या एका संशोधन संस्थेने पाठवलेला मी, त्याच घरात राहून दोन वेळा जेवत होतो.

मोरी मला पाच दिवसांपूर्वीच सापडली होती. घरात मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. गाव माझं मंगळवेढं. काळी जमीन, ज्वारी आणि क्षितिजापर्यंत झाड नाही. पोहायला शिकलो ते विहिरीत. पौष महिन्यात त्या विहिरीच्या पाण्यात उडी मारली की छातीतला श्वास मुठीत धरल्यासारखा होई. गार पाण्याशी माझी ओळख तेवढीच. संस्थेचं काम असं होतं, की पाऊस संपल्यावर या किनाऱ्यालगत तळाचं थंड पाणी वर सरकतं, त्या दिवसांत लहान शार्क जवळच्या खडकांत अंडी घालायला येतात का, ते उतरून पाहायचं. माझ्याआधी तिघं जण तीन गावांना जाऊन रिकाम्या हातांनी परतले होते. मला पाठवलं, कारण पाठवायला आणखी कोणी उरलं नव्हतं. आमच्या सरांना माझं नाव आठवायला दर वेळी थोडा वेळ लागे. त्यांना दोष देत नाही. कोणाच्या लक्षात राहावं असं माझ्या हातून तोवर काही घडलंच नव्हतं.

काकींचे यजमान दत्ताराम खवणेकर. सारं गाव त्यांना तातू म्हणे. साठीचे, काटक, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी वाऱ्याकडे पाहणारे. होडी त्यांची होती. पाण्याखाली माझ्या जोडीला वेंगुर्ल्याचा आग्नेल असे. तो पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं काम करी. वर असताना त्याचं तोंड क्षणभर मिटत नसे, आणि तोंडात श्वासाची नळी धरावी लागते एवढ्या एकाच कारणाने तो पाण्याखाली गप्प राही. मी सतत वहीत लिहितो म्हणून मला "मास्तर" हे नाव त्यानेच पहिल्या दिवशी दिलं आणि घराने ते लगेच उचललं.

तातूंची एक सवय मला फार आवडे. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर आलं की ते इंजिन मंद करीत, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवीत आणि किनाऱ्यावरच्या देवळाच्या कळसाकडे टक लावून पाहत. मग मान वळवून दक्षिणेच्या डोंगराकडे तसंच पाहत. कधी होडी वल्ह्याने हातभर पुढे घेत, कधी मागे, पुन्हा कळस, पुन्हा डोंगर. मग टोपी डोक्यावर ठेवून नांगर सोडीत आणि म्हणत, "हयसर उतर. तळ बरो आसा." त्यांच्या श्रद्धेने मी भारावून जाई. वहीत मी नोंद केली होती, ती आजही आहे : 'नांगर टाकण्यापूर्वी तातू दोन देवांना नमस्कार करतात. एक देवळातला, दुसरा बहुधा डोंगरावरचा.'

पहिल्याच दिवशी आम्ही तिथे उतरलो, तेव्हा वरचं पाणी कोमट आणि हिरवट होतं. नांगराच्या दोराला धरून खाली जाताना चार वाव, म्हणजे सात-आठ मीटर, खोलीवर कपाळाला एकदम गार लागलं. एखाद्या तळघराचं दार उघडून आत शिरावं तसं. त्या रेघेच्या वर एक ऋतू होता आणि खाली दुसरा. रबरी पोशाखाच्या मानेतून थंड पाण्याची एक धार पाठीवरून खाली उतरली आणि मला विहीर आठवली. पाच हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. मग धुक्यातून घर दिसावं तसा एक खडक पुढे आला. काळा, लांबट, खालून पोखरलेला, आणि त्या पोखरलेल्या कडेखालून शेपट्या बाहेर आलेल्या होत्या.

लग्नघराबाहेर चपला असाव्यात तशा. ओळीने, काही सरळ, काही तिरप्या, एकीवर एक. डोकी कपारीत, शेपट्या बाहेर. मी टॉर्च लावला. राखाडी अंगाच्या, मांजरासारख्या डोळ्यांच्या मोऱ्या एकमेकींना टेकून निजल्या होत्या. त्यांतली एक उजेडाने त्रासून, पुढच्या दोन परांवर रांगल्यासारखी सरकली आणि दुसरीच्या पोटाखाली डोकं खुपसून पुन्हा स्वस्थ झाली. खडकाच्या आतल्या भिंतीला तपकिरी, चामड्यासारख्या पिशव्या चिकटल्या होत्या. एका पिशवीमागे मी टॉर्च धरला, तर आत शेंगेएवढा एक जीव वळवळत होता, आणि त्याच्या अंगावर काळे-पांढरे पट्टेसुद्धा उमटले होते.

आग्नेलने माझ्या खांद्यावर थाप मारली. प्लास्टिकच्या पाटीवर मी 'मोठ्या : १४, अंडी : ३१' असं लिहिलं. थंडीने हात इतका थरथरत होता, की तो एकतीसचा आकडा पुढे सरांना एकवीस वाटला.

वर आल्यावर, होडीत चढण्याआधी, मी आग्नेलला म्हणालो, "कोणाला सांगू नकोस."

"कित्याक?"

मी डोळ्यांनी होडीकडे खूण केली. तातू आमच्याकडे पाठ करून विडी ओढत होते. होडीत, त्यांच्या पायांशी, घडी घातलेलं जाळं होतं. आग्नेलने एकदा जाळ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला हसू येतंय असं मला वाटलं, पण त्याने छातीवर क्रूस काढला आणि शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

त्या संध्याकाळी तातूंनी काय दिसलं म्हणून विचारलं आणि मी म्हणालो, पाणी गढूळ होतं. आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नव्हतो. त्यासाठी आधी पुरेसं बोलावं लागतं. माझ्या मनाशी हिशेब सरळ होता. मी जागा सांगितली तर दुसऱ्या दिवशी ते जाळं त्या कडेखाली जाईल, आणि त्या चौदा जणी एकेक करून दर्शनाच्या ताटात येतील. न सांगावं, तर ज्या काकी मला पोटच्या पोरासारखं वाढत होत्या, त्यांच्या लेकीच्या तोंडचा घास मी रोज लपवत होतो. तांदळाची भाकरी तोडताना माझी मान वर होत नसे.

त्यात ते लोक विचारणं सोडत नव्हते. तातू म्हणत, गार पाण्यात मोरी नाही तर मग कशात असते, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय. काकी म्हणत, दिसली तर नुसती दिशा सांग, बाकी आम्ही बघतो. आणि आतल्या खोलीतून, दाराच्या पडद्यामागून, दर्शनाचा आवाज येई. तिला मी पुरतं पाहिलंही नव्हतं, पण तिच्या जिभेची धार मला पाठ झाली होती.

"आई, मास्तरांच्या डोळ्यांत वायच काजळ घाल गे. माझ्या चेडवाच्या डबीत उरला हा."

चेडू म्हणजे मुलगी. सगळे हसत. मीही हसे, आणि हसताना कान लाल होत. आग्नेल मात्र इतका हसे की त्याला ठसका लागे.

तर त्या दिवशी चहा संपवून आम्ही किनाऱ्यावर गेलो, तेव्हा तातूंनी होडी लगेच पाण्यात लोटली नाही. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, ठेवला आणि टोपी सारखी केली. आज गाऱ्हाणं घालू या, म्हणाले. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने ठेवलेलं मागणं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा," तातूंनी सुरुवात केली. त्यांचा नेहमीचा घोगरा आवाज एकदम भरदार झाला होता. "आज ह्यो परमुलखातलो झिल तुझ्या दर्यात उतारता हा. तेका सुखरूप खाली ने, सुखरूप वर हाड."

"व्हय म्हाराजा," आग्नेल सर्वांत मोठ्याने म्हणाला.

"तेच्या मनात जा काय आसात, ता पुरा कर."

"व्हय म्हाराजा."

तातू क्षणभर थांबले. वाऱ्याकडे पाहिलं.

"आणि तेच्या पोटात जा काय आसात, ता तेच्या तोंडार हाड, म्हाराजा."

आग्नेलने होकार भरला. मग दोघंही माझ्याकडे पाहू लागले, कारण गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी मागायचं त्यानेही होकार द्यायचा असतो. लाट आली, पायाखालची वाळू घेऊन परत गेली.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

तातूंनी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा मला दिला आणि म्हणाले, वाटतं का गोड? मी हो म्हणालो. गोड होताच.

त्या दिवशी पाण्याखाली जे झालं, ते आजही मला कोणी विचारलं की मी जरा सावकाश सांगतो. कडेखाली हात घालून अंडी मोजत मी पालथा पडून होतो. थंडी हाडापर्यंत गेली होती आणि अंग हलवलं की ती अधिक लागे, म्हणून मी अगदी निश्चल होतो. इतक्यात कपारीतून एक पिल्लू बाहेर आलं. वीतभर, बोटाएवढं जाड, अंगावर काळे-पांढरे पट्टे; नुकतंच पिशवीतून सुटलेलं असावं. ते वाळूवर थोडं फिरलं, टॉर्चला वळसा घातला, आणि अंधार शोधत शोधत माझ्या कोपराच्या बेचक्यात शिरलं. तिथे त्याने दोनदा अंग वळवलं आणि ते झोपलं.

मी श्वास मोजून घेऊ लागलो. माझ्यापाशी आजवर कोणी आपण होऊन येऊन बसलं नव्हतं. शाळेत बाकावर शेवटची जागा माझी असे, आणि शेजारची बहुधा रिकामी. इथे एक शार्क माझ्या दंडाला घर समजत होता. वर पाहिलं तर आग्नेलच्या मास्कमागे डोळे बारीक झाले होते आणि हसण्याचे बुडबुडे भराभरा वर चालले होते. सिलिंडरमधली हवा संपत आली तोवर मी हललो नाही. मग मी हात इतक्या हळू काढला, की पिल्लाला तो काढल्याचं कळलंच नसावं.

होडीत आल्यावर आग्नेल म्हणाला, "मेल्या, तू पाण्यात पण पाहुण्यासारखो बसतंस. म्हणान ती तुझ्याकडे येतत."

त्याच क्षणी मी ठरवलं की काही झालं तरी जागा सांगायची नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या निश्चयाखाली आणखी एक लहानशी, उबदार गोष्ट दडलेली होती. मुंबईला परतल्यावर सर माझं नाव लगेच उच्चारतील. तो खडप माझा होता. खडप म्हणजे खडक. मी तिथलाच शब्द वापरू लागलो होतो. वहीत त्याच्या चित्राखाली मी 'माझा खडप' असं लिहिलं आणि पान दुमडून ठेवलं.

बाराव्या दिवशी बारसं होतं. तातू घरच्या कामात, म्हणून होडीवर थांबायला शेजारचा लवू घाडी आला. लवू माळकरी, मासे खात नव्हता आणि धरतही नव्हता, घरं शाकारायचा. समुद्रावर तो आयुष्यात चौथ्यांदा येत होता, आणि होडी सुरू झाल्याबरोबर टोपी तोंडावर घेऊन झोपला.

निघताना स्वयंपाकघरातून वास आला. ओल्या खोबऱ्याच्या वाटणाचा, तिरफळांचा, आणि त्यामागे उग्र, ओळखू येईल असा एक वास. मी उंबऱ्याशी थबकलो. मोरी. चुलीवर मोरीचं कालवण होतं.

मी कोणाला काही विचारलं नाही. होडीत बसल्यावर आग्नेलला म्हणालो, लवकर चल. अर्ध्या तासाने इंजिन बंद केलं, अंदाजाने नांगर सोडला, आणि आम्ही उतरलो. गार पाण्याची रेघ ओलांडली. तळ आला. तळाला वाळू होती, नुसती वाळू. चारी दिशांना फिरलो, खडक नाही. वर आलो, होडी थोडी उत्तरेला घेतली, पुन्हा उतरलो. वाळू. तिसऱ्या वेळी आग्नेलने डोकं हलवलं, पण मी ऐकलं नाही. तिसऱ्या वेळीही वाळूच होती, लाटांच्या रेघा उमटलेली, झाडून ठेवलेल्या अंगणासारखी रिकामी. मी तिथे गुडघ्यांवर बसलो. डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या होत्या: सकाळचा तो वास आणि ही रिकामी जागा. खडक कोणी जाळ्यात घालून नेत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा मला सुचली नाही. थंडीत आणि रागात माणसाची बुद्धी सारखीच आखडते.

परत आलो तेव्हा बारसं उरकलं होतं. आत्याने नाव ठेवलं होतं, पाळणा सजलेला होता, पाहुण्यांच्या पंगती उठून घरच्या माणसांची पंगत बसत होती. ओटाभर नातेवाईक. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं जात होतं. बाळ दर्शनाच्या मांडीवर होतं, आणि दर्शनाला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. गोल चेहऱ्याची, झोप न झालेली, हसऱ्या डोळ्यांची. काकी माझ्यासमोर आल्या. त्यांच्या हातात बाळंतिणीच्या वेगळ्या भांड्यातून काढलेली वाटी होती. ती त्यांनी माझ्या पानाशी ठेवली.

"बगूक गावली नाय, निदान खावक तरी गावांदे," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा मुळीच नव्हता. लेकीच्या वाटणीतलं काढून त्या मला देत होत्या.

वाटीतून वाफ येत होती. मी हात मागे घेतला. मला कळलं की सगळे माझ्याकडे पाहत आहेत, आणि ती गोष्ट नेहमी माझी वाचा घालवते. त्या दिवशी मात्र उलट झालं.

"ही मोरी त्या खडपातली आहे ना?" मी विचारलं. माझा आवाज ओट्याच्या पार टोकापर्यंत गेला.

पंगत थांबली. आग्नेलने वडा तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. तातू भाताची परात घेऊन उभे होते. त्यांनी परात खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि अगदी सौम्यपणे विचारलं,

"खंयच्या खडपातली?"

तेव्हा मला समजलं, मी काय बोलून बसलो. गाऱ्हाणं पावलं होतं. आता मागे फिरायला वाट नव्हती, म्हणून मी खाली मान घालून सगळं सांगितलं: पहिला दिवस, चौदा मोऱ्या, एकतीस अंडी, दंडात झोपलेलं पिल्लू, रोजचं खोटं. शेवटी म्हणालो, की आज तिथे काहीच उरलेलं नाही, आणि तुम्हाला मोरी हवी होती हे मला कळतं, पण ती तिथे अंडी घालायला आली होती.

मग पाळण्याजवळ कोणीतरी फिस्सकन हसलं. दर्शनाने पदर तोंडाशी धरला होता. तिच्यामागून काकी, मग तातू, मग सारा ओटा. ज्यांना गोष्ट ठाऊक नव्हती तेही हसत होते. बाळ दचकून रडू लागलं.

"वेंगुर्ल्याच्या बाजारातली ती," काकी डोळे पुसत म्हणाल्या. "हे फाटफटी, उजाडूच्या आदी उठान सायकलीर जावन घेवन इले."

"माहेरच्या खडपार जाळा टाकूचा नसता, बाबा," तातू म्हणाले. "माझ्या आज्यापासना कोणी टाकूक नाय."

"माहेरचा खडप?"

उत्तर दर्शनाने दिलं, बाळाला थोपटत थोपटत. "चेडवां बाळंतपणाक माहेराक येतत, तशी ती थंय येतत. ह्या दिसांत, गार पाणी इला की. आता माहेराक इलेल्या लेकीक कोण जाळ्यात धरतला?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. वाटलं, आमच्या संस्थेत कोणी इतकं सरळ वाक्य आजवर लिहिलं नसेल.

"मग तुम्ही मला रोज का विचारत होता?" मी तातूंना विचारलं.

"तू कधी सांगतंस ता बगीत होतंव," ते म्हणाले. आणि मग, या वेळी वाऱ्याकडे न पाहता, माझ्याकडे पाहून : "तुका पाण्याचा भय नाय रे. माणसांचा भय आसा."

मी आग्नेलकडे वळलो. तुला हे ठाऊक होतं, मी म्हणालो. त्याने वडा खाऊन संपवला आणि गंभीरपणे उत्तर दिलं, "तू म्हटलंस कोणाक सांगू नको. तेच्यात तू पण इलंस."

मी वाटी जवळ ओढली. ते कालवण आजवर जेवलेल्या पदार्थांत मी फार वर ठेवतो. काकींनी ती वाटी दोनदा भरली आणि दर्शनाने दोन्ही वेळा, बाळंतीण कोण आहे, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी तातू म्हणाले, चल, रिकामा खडप दाखव मला. उजेड नुकता ओल्या वाळूपर्यंत आला होता. आम्ही तिघं निघालो. अर्ध्या तासाने त्यांनी इंजिन मंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कळसाकडे पाहिलं. या वेळी मी त्यांच्या अगदी मागे उभा होतो, म्हणून त्यांच्या नजरेच्या ओळीत मीही पाहिलं. देवळाचा कळस शाळेच्या पांढऱ्या भिंतीच्या बरोबर टोकावर येऊन बसला होता. तातूंनी मान वळवली. दक्षिणेला, डोंगराच्या खिंडीत, सातविणीचं झाड एकटंच उभं होतं, अगदी मधोमध. होडी हातभर सरकली की सातवीण खिंडीच्या कडेला जाई आणि कळस भिंतीवरून घसरे. तातू वल्ह्याने होडी परत जागेवर आणीत. ते नमस्कार नव्हते. त्या दोन रेघा होत्या, आणि त्या जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे आमची होडी उभी होती.

"काय बगतंस?" तातूंनी विचारलं.

"तुमचे दोन देव," मी म्हणालो. "वहीत तसंच लिहिलंय."

त्यांनी वल्हं आत घेतलं.

"मगे तसाच ऱ्हवांदे," ते म्हणाले, टोपी घातली आणि नांगर सोडला. "हयसर उतर."

खाली कडेखाली शेपट्या होत्या. ओळीने, काही सरळ, काही तिरप्या. मी मोजल्या. सोळा.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. सरांना माझं नाव आठवू लागलं, पुढे इतरांनाही. जागेचा नेमका ठाव मी कोणत्याही कागदावर लिहिला नाही, तातूंचं ते 'तसाच ऱ्हवांदे' तेवढं पाळलं. पण त्या पहिल्या शोधनिबंधात 'प्रस्तुत लेखकाने शोधलेलं प्रजननस्थान' असे शब्द आहेत, आणि तातूंचे आभार आहेत ते होडीची सोय केल्याबद्दल. मी महाविद्यालयात शिकवतो. मुलं विचारतात, सर, तुम्हाला ते कसं सापडलं? मी त्यांना गार पाण्याबद्दल सांगतो, धीराबद्दल, निश्चल राहण्याबद्दल, दंडात झोपलेल्या पिल्लाबद्दल. वर्ग हसतो, मलाही आता चारचौघांत हसता येतं. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे.

गेल्या आठवड्यात दर्शनाच्या मुलीचा निरोप आला, त्या पाळण्यातल्या मुलीचा. ती अकरावीला आहे, आग्नेलकडे पाण्याखाली उतरायला शिकते, आणि कॉलेजच्या अंकासाठी माहेरच्या खडपावर लिहिते आहे. आजोबा आता नव्हते, आणि माझा तो पहिला शोधनिबंध तिने वाचला होता. तिने लिहिलं होतं, की मामा, खडप तुम्हीच शोधलात ना, तेवढं एक वाक्य तुमच्या शब्दांत पाठवा.

एका वाक्याला मला तीन सकाळी लागल्या. इथला उजेड समोरच्या इमारतीवरून येतो, लवकर आणि सरळ. तिसऱ्या सकाळी मी तिला लिहिलं : खडप मी शोधला नव्हता, तुझे आजोबा मला रोज तिथे नेऊन सोडत होते.